डावीकडची सावली

हे मी जसं घडलं तसंच लिहितेय. मीठमसाला लावायची मला हौस नाही, आणि आज तेवढा वेळही नाही.

माझं नाव आरती. जुन्नर तालुक्यात, येडगावला, धरणाच्या पाण्याकडेला आमचा मळा आहे. गावठाणापासून बराच लांब. चहूबाजूंनी ऊस.

माझे सासरे चांगदेव, म्हणजे आबा, सध्या गोठ्यात झोपतात.

भर थंडीत. बिबट्याच्या पट्ट्यात. दोन गाई आणि एका म्हशीच्या सोबतीने.

गावात काय बोललं जातं ते मला माहीत आहे. ‘सुनेनं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं.’ डेअरीवर दूध घालायला गेले की बायका बोलता बोलता गप्प होतात आणि माझ्या साडीकडे बघत बसतात.

मी त्यांना बाहेर काढलेलं नाही. आबा घरात यायला घाबरतात. त्यांना परत घरात आणण्यासाठी मी हातापाया पडून झालंय. ते का येत नाहीत, ते आज सांगते. पटलं तर पटलं.

अशा गोष्टी नेहमी रात्रीच्या असतात. ही रात्रीची नाही. रात्री आम्ही दारच उघडत नाही. ही दिवेलागणीची आहे, धारेच्या वेळेची.

दिवाळी सरली आणि बिबट्याने आमचं कुत्रं ओट्यावरून उचललं. मी आत चहा टाकत होते. भुंकण्याचा आवाजसुद्धा आला नाही. बाहेर येऊन बघते तर...

पायरीवर नुसती साखळी.

माझा नवरा सूरज चाकणला कंपनीत आहे. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. एरवी मळ्यात मी आणि आबा, दोघंच. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या. सूरजने मनावर घेतलं आणि कॅमेरा बसवायचं ठरवलं. दार उघडायच्या आधी अंगण टीव्हीवर बघायचं, मगच कडी काढायची, असा नियम झाला.

कॅमेरा बसवायला जुन्नरहून जुबेर आला. त्याचे वडील गफूरचाचा पूर्वी या भागात केबल टीव्ही चालवायचे. आमच्या घरातली काळी वायर त्यांनीच ओढलेली. पुढे घरोघरी डिश आली, केबल बंद पडली, वायर मात्र राहिली. गोठ्यामागच्या जांभळीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून माजघरात.

जुबेर म्हणाला, नवी वायर टाकू. सूरज म्हणाला, हिला काय धाड भरलीय?

आमच्या घरात जुनं टाकून द्यायची पद्धत नाही. माळ्यावरचा डबा टीव्हीसुद्धा त्याच दिवशी धूळ झटकून खाली आला. माजघरात भिंतीला लावून ठेवला. त्या भिंतीमागे आमची धान्याची खोली आहे. तिला खिडकी नाही.

कॅमेरा ओट्याच्या पत्र्याखाली लावला. अंगण आणि समोरचा गोठा, सगळं दिसायचं. अंधारून आलं की कॅमेऱ्यात बारीक आवाज व्हायचा, ‘टक’, आणि चित्र रंगीतचं काळंपांढरं व्हायचं. तो आवाज आत चुलीपाशीसुद्धा ऐकू यायचा. आमच्या मळ्यात तेवढी शांतता असते.

पहिल्यांदा टीव्ही लावला तेव्हाच मी म्हटलं, यात काहीतरी गडबड आहे.

प्रत्येक गोष्ट दोनदा दिसत होती. गोठ्याचा खांब, आणि त्याच्या उजवीकडे बोटभर अंतरावर फिका दुसरा खांब. आबा अंगणातून चालत गेले, तर त्यांच्या उजव्या अंगाला आणखी एक फिके आबा.

“घाबरू नका वहिनी,” जुबेर हसत म्हणाला. “आमच्या धंद्यात ह्याला सावली म्हणत्यात. चित्र वायरीतनं पळतं. वायरीला कुठंतरी फाटा असला आन् त्याच्या टोकाला टीव्ही नसला, तर चित्र तितवर जातं, कुणी न्हाई बघून माघारी येतं. लांबनं फिरून येतं म्हणून उशिरा पोचतं. म्हणून उजवीकडं पडतं.”

“म्हंजी आपलं अंगण रोज कुणाच्या तरी घरात जाऊन येतंय म्हन की,” आबा म्हणाले.

आबांनी थट्टाच केली होती. जुबेर मात्र वायर धरून जांभळीपर्यंत गेला आणि तिथून त्याने हाक मारली. जांभळीवर वायरीला एक जोड होता. चिकटपट्टी गुंडाळलेला, कुणीतरी घाईघाईने मारलेला. तिथून दुसरी वायर उसात शिरत होती. आम्ही तिच्या मागे गेलो. बांध ओलांडला.

वायर गेणभाऊंच्या घरात जात होती.

गेणभाऊ आमचे शेजारी. एकटा माणूस. मागच्या वर्षी पावसाळ्यात याच घरात वारले. पुतण्याने टीव्ही, भांडीकुंडी पुण्याला नेली आणि कुलूप लावलं. आम्ही खिडकीतून आत पाहिलं. एक रिकामी बाज आणि तिच्यासमोर भिंतीवरून लोंबणारं वायरीचं उघडं टोक. बाकी काही नाही.

आबा आणि गेणभाऊ बांधावरून भांडलेले. कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आणि तेवढी वर्षं गेणभाऊ गुपचूप आमच्याच वायरीवर टीव्ही बघत होते.

मला हसू आलं. आबा हसले नाहीत.

“मागितली असती तर दिली नसती व्हय मी?” ते एवढंच म्हणाले. बराच वेळ बाजेकडे बघत राहिले.

जुबेर म्हणाला, “आबा, तोडायची गरज न्हाई. टोकाला एक टोपी येती, ती लावतो. मग वायरीला वाटतं हितं टीव्ही हाय, कुणीतरी बघतंय. सावली जाती.”

“मेल्याल्या मानसाच्या घरात कुणीतरी बघतंय, असं कशापायी वाटाया पायजे तिला?” आबा एकदम चिडले. “तोड ती.”

जुबेरने जांभळीवरचा जोड तोडला आणि टोकाला पट्टी गुंडाळली. घरी येऊन टीव्ही बघितला तर चित्र लख्ख. सावली गेलेली.

चार दिवस बरे गेले.

मग एका संध्याकाळी आबा धारेला निघाले. मी नेहमीसारखी टीव्हीसमोर उभी राहिले. आबा अंगणात उतरले आणि...

त्यांच्या शेजारी सावली होती.

पण डावीकडे.

एक गोष्ट आधीच कबूल करते. मी संशयी आहे. सूरज म्हणतो, हिला आरशातल्या बाईचासुद्धा संशय येतो. त्यामुळे माझ्या डोक्यात भूतबीत आलं नाही. माझ्या डोक्यात आला जुबेर. म्हटलं, नवी वायर खपवायची म्हणून यानेच काहीतरी करून ठेवलंय. मग गेणभाऊंच्या पुतण्याचा संशय आला. दुसऱ्या दिवशी जाऊन जांभळीवर बघून आले. तुटकं टोक तसंच होतं, पट्टीसुद्धा हललेली नव्हती.

मी जुबेरला फोन केला.

“वहिनी, टीव्ही उलटा ठेवलाय का?” त्याने आधी चेष्टा केली. मग मी पुन्हा नीट सांगितलं.

“डावीकडं कसं पडंल? उजवी सावली म्हंजी लांबनं, उशिरा आलेली. डावी म्हंजी वायरीच्याबी आधी पोचलेली. आमचे अब्बा सांगायचे, पूर्वी टॉवर जवळ असला की व्हायचं असं. टीव्ही वायरीबिगर, जवळनंच चित्र पकडायचा. पन आता टॉवर कुठं हाय?”

“मग आता कुठून येतंय?”

“टीव्हीच्या जवळनं,” तो म्हणाला. “घरातनंच कुठनंतरी.”

मी फोन ठेवला. माजघरात टीव्ही बंद होता. मागची भिंत तेवढी दिसत होती.

म्हटलं, चांगला विक्रेता आहे. आधी घाबरवायचं, मग वायर विकायची.

पण सावली डावीकडे सरकत चालली. आधी बोटभर, मग वीतभर. आणि मग मला दिसलं की ती नुसती डावीकडे नाही, पुढेही आहे. आबा पायरीवर चप्पल घालत असायचे तोवर ती अंगणात असायची. आबा अंगणात येईपर्यंत ती गोठ्यात शिरलेली असायची.

आबांना त्याचं काहीच वाटेना. उलट ते खूश.

“लई ब्येस झालं की. माज्या आदी ती जाऊन येती. तिला वाघरानं धरलं न्हाई म्हंजी मलाबी धरत न्हाई.”

आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात. आबांनी खरंच तसा नेम करून टाकला. आधी टीव्हीसमोर बसायचं. सावली गोठ्यात जाऊन परत आली की बादली उचलायची आणि निघायचं. मी म्हणायचे, आबा, ती सावली तुमची कशावरून? ते म्हणायचे, “चालती तर माज्यासारकीच की.”

चालायची त्यांच्यासारखीच, हे खरं. तेच मला आवडत नव्हतं.

मग आवाज सुरू झाला.

रोज अंधारून आलं की बाहेर कॅमेरा वाजायचा, ‘टक’. एके दिवशी मी भाकरी थापत होते. ‘टक’ झालं. मी टीव्हीकडे पाहिलं. चित्र अजून रंगीतच होतं. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक’ झालं आणि मग चित्र काळंपांढरं झालं.

दुसरा आवाज ओट्यावरून आला होता.

पहिला...

पहिला धान्याच्या खोलीतून.

मी दिवा घेऊन खोली धुंडाळली. पोती हलवली. उंदीर, पाल, सैल पत्रा, ज्याच्यावर संशय घेता येईल त्याच्यावर घेतला. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. आधी आतून, मग बाहेरून. रोज.

सूरजला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “तू जरा दुपारची झोपत जा.”

आणि मग ती संध्याकाळ आली.

त्या दिवशी सावली गोठ्यात गेली, ती परत येताना आबांना दिसलीच नाही. म्हैस अडून ओरडत होती. आबा वैतागून, वाट न बघताच बादली घेऊन निघाले. मी नको नको म्हणेपर्यंत दार ओढून गेलेसुद्धा.

मी टीव्हीसमोरून हलले नाही. आबा गोठ्यात शिरले. मग बराच वेळ काहीच नाही. रिकामं अंगण.

मग गोठ्यातून आबा बाहेर आले. हातात बादली. मला हायसं वाटलं.

पण ते फिके होते...

त्यांच्या अंगातून गोठ्याचा खांब दिसत होता.

सावली अंगण ओलांडून सरळ घराकडे आली. मोठी होत गेली. चित्राच्या खालच्या कडेला पोचली आणि दिसेनाशी झाली. तिथे आमची पायरी आहे.

कडी वाजली नाही. दार हललं नाही.

माझ्या मागे, चुलीपाशी, बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. चुलीपाशी कुणीच नव्हतं. बादलीही नव्हती. पण ताज्या धारेच्या दुधाचा वास घरभर सुटला होता. पुन्हा टीव्हीकडे पाहिलं तर गोठ्याच्या दारात आबा उभे होते, खरे आबा. आणि त्यांच्या उजवीकडे, बोटभर अंतरावर...

फिकी सावली.

वायर तोडलेली होती. जांभळीवरचं तुटकं टोक मी स्वतः बघून आले होते. तरीही उजवीकडची ती सावली परत आली होती. पण ती आबांसारखी उभी नव्हती. ती एक हात आडवा धरून उभी होती. अंगणात उतरणाऱ्या माणसाला अडवावं तशी.

मी बिबट्याचा विचारसुद्धा न करता बाहेर धावले.

आबा गोठ्याच्या चौकटीत उभे होते. बादली भरलेली. माझ्याकडे नाही, माझ्या मागे, घराकडे बघत होते. मी त्यांचा हात धरला.

“आबा, चला. आत चला.”

“आत कोन हाय?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही.”

“गेण्या आलावता,” आबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “इतक्या वर्सांनी बोलला माज्याशी. म्हनला, चांगदेवा, घरात जाऊ नगंस. तुज्या आदी एक जन गेलाय आत.”

त्या दिवसापासून आबा गोठ्यात आहेत.

सूरज आला, चिडला, टीव्ही बंद करून टाकला. जुबेर येऊन कॅमेरा, वायर, टीव्ही सगळं टेम्पोत घालून घेऊन गेला. मी त्याला धान्याच्या खोलीत बघायला सांगितलं. तो दारापर्यंत आला, थांबला आणि म्हणाला, “न्हाई वहिनी. ते माजं काम न्हाई.” नवी वायर घ्या असं तो एकदाही म्हणाला नाही. मी त्याच्यावर घेतलेला संशय तिथेच संपला.

आता घरात टीव्ही नाही, वायर नाही, कॅमेरा नाही.

‘टक’ अजून होतं. रोज. आतून.

मी स्वयंपाकापुरती आत जाते. झोपते पुढच्या खोलीत, दिवा चालू ठेवून. सूरजचं म्हणणं, आबांचं वय झालंय, त्यांना नारायणगावच्या डॉक्टरांना दाखवू. आणि मला म्हणाला, “लोक तोंडावर थुंकायला लागलेत. कसंही कर, पण म्हाताऱ्याला घरात आण.”

म्हणून आज मी हट्टालाच पेटले. दिवेलागणीला ताट घेऊन गोठ्यात गेले. येताना दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे आबांना आतला उजेड दिसावा. म्हटलं, आबा, आज तुम्ही आत आला नाहीत तर मीही जेवणार नाही. लोक मला काय काय बोलतात ते सगळं सांगितलं. बोलता बोलता रडले.

आबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“चल पोरी,” म्हणाले. “माज्यापायी तुला बोल नगं.”

त्यांनी गोधडी खांद्यावर टाकली. माझा हात धरला. आम्ही अंगणात उतरलो. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

अंगणाच्या मध्यावर आबा थांबले.

“आरते, दार कुनी लावलं?”

दार बंद होतं.

वारा नव्हता. उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं. आम्ही उभे राहिलो. तेवढ्यात आत फोन वाजायला लागला. आबांचा बटणांचा मोबाईल. ते गोठ्यात राहायला लागल्यापासून तो आतच, फळीवर चार्जिंगला लावलेला असतो. सूरज रोज ड्युटी सुटल्यावर त्यावर फोन करतो, आणि तो वाजून वाजून बंद होतो.

आज तो मध्येच थांबला...

मग आतून बोलल्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. खालच्या सुरात, मध्येच खोकत, अगदी सावकाश.

आबा माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

आम्ही तसेच मागे मागे गोठ्यात आलो. गोठ्याच्या दाराला फळी आडवी घातली. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. सूरज.

“शाब्बास!” तो एवढा खूश होता की मला बोलूच देईना. “केलंस बघ तू! आत्ताच आबांशी बोललो. घरात आहेत, जेवायला बसतायत म्हणाले. किती दिवसांनी नीट बोलले गं! आता कुणाची टाप आहे तुला बोलायची! पण तुला बाहेर कशाला उभं राहायचं असतं अंधाराचं? आबाच म्हणाले, आरती गोठ्याकडं गेलीय, अजून आली न्हाई, तिला म्हणावं लवकर आत ये.”

मी म्हटलं, “अहो, ऐका. आबा इथे आहेत. माझ्याजवळ. गोठ्यात.”

तो हसला.

“झालं तुझं सुरू,” म्हणाला आणि फोन ठेवला.

मी आबांकडे फोन द्यायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. मी लगेच परत लावला. आबा बोलले. “सूरज, मी हितं हाय रं, गोठ्यात.” सूरज म्हणाला, “आबा, आत्ता तर तुम्ही घरात होता. परत गोठ्यात गेलात?” आणि मग थकल्यासारखा म्हणाला, “जाऊ द्या. मी येतोय उद्या.”

शुक्रवारची रात्र सरत आलीय. मी हे गोठ्यात बसून मोबाईलवर लिहितेय. आबा जागेच आहेत. समोर घरात चुलीजवळचा दिवा आत्ताच लागलाय. कुणी लावला ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

सूरज पहाटेच्या गाडीला बसला म्हणून मघाशी मेसेज आला. त्याच्याखाली आणखी एक मेसेज आहे. ‘गोठ्यात येत नाही आधी. घरात सामान टाकतो. आबांनी आत्ता फोन केला होता, म्हणाले दार उघडं ठेवलंय.’

मी लावतेय तर त्याचा फोन आता लागत नाही.